शहा आयोगासमोर न आलेले साक्षीदार

वाराणसी : २५ जून जवळ आला की या शहरात आणीबाणीची आठवण जागी होते. मिसाखाली तुरुंगात गेलेल्या वृद्धांचे सत्कार होतात, उत्तर प्रदेश सरकारचे मानधन मिळणारे ‘लोकतंत्र सेनानी’ व्यासपीठावर विराजमान होतात. २०२४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून घोषित केल्यापासून या स्मरणाला सरकारी अधिष्ठानही लाभले आहे. काशीचा या स्मरणावर हक्क आहेच. जयप्रकाश नारायण यांनी स्थापन केलेली गांधी विद्या संस्था याच शहरातील राजघाटावर उभी राहिली. (तिच्या शेजारील सर्व सेवा संघाच्या इमारती ऑगस्ट २०२३ मध्ये रेल्वेने जमीनदोस्त केल्या, हा भाग अलाहिदा.) मराठी मनात आणीबाणीची स्मृती कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाशी आणि अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवतांशी जोडलेली आहे. या दुर्गाबाईंनी तरुणपणी मध्य भारतातील आदिवासींमध्ये हिंडून संशोधन केले होते, याची आठवण मात्र २५ जूनला सहसा कोणी काढत नाही.

आठवण काढण्याचे कारण आहे. वाराणसीहून दक्षिणेला शक्तिनगरकडे जाणारा रस्ता रॉबर्ट्सगंज ओलांडून मारकुंडीचा घाट उतरतो, चोपनजवळ शोण नदी पार करतो आणि रेणुकूट, अनपरा करीत मध्य प्रदेशच्या सीमेला भिडतो. हा सोनभद्र जिल्हा. १९८९ पर्यंत मिर्झापूरचाच भाग. ऊर्जा किंवा कोळसा मंत्रालयात काम केलेल्या वाचकांना ‘सिंगरौली’ हे नाव फायलींमधून परिचित असेल. सोनभद्र आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेशचा पट्टा मिळून देशातील विजेचे हे एक मोठे कोठार होते. गोंड, खरवार, चेरो, बैगा, पनिका, अगरिया, कोल यांची ही भूमी. लोकशाहीच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत येथील माणूस दोनदा, तीनदा, काही कुटुंबे तर त्याहून अधिक वेळा उठवली गेली. आणीबाणीच्या अत्याचारांची चौकशी झाली तेव्हा या माणसाची साक्ष कोणी काढली नाही. त्याला उठवणाऱ्या कंपन्यांनाही कोणी काही विचारले नाही.

हुकूमशाही राजवटी आणि कंपन्या यांच्या साटेलोट्याचा हिशेब जगात अन्यत्र उशिरा का होईना, मांडला जातो आहे. ब्राझीलमधील लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली. तेथील राष्ट्रीय सत्यशोधन आयोगाने डिसेंबर २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात आपल्या अभ्यासाच्या कालखंडात किमान ८,३५० मूलनिवासी मृत्युमुखी पडल्याचे नोंदवले आणि राजवटीला हातभार लावणाऱ्या उद्योगांवर स्वतंत्रपणे लिहिले. फोक्सवॅगनने आपल्याच कारखान्यातील कामगारांवर पाळत ठेवून माहिती पोलिसांना पुरवल्याच्या प्रकरणात २०२० मध्ये ३.६ कोटी रेआल देण्याचा समझोता केला. ग्वाटेमालातील चिशोय धरणाचे उदाहरण तर सोनभद्रच्या वाचकाला अस्वस्थ करील असे आहे. १९८२ मध्ये, लष्करी राजवटीत, धरणक्षेत्रातून हटण्यास नकार देणाऱ्या रिओ नेग्रो येथील माया आची समाजाचे हत्याकांड झाले. धरणाला जागतिक बँकेचे कर्ज होते. तब्बल ३२ वर्षांनी, २०१४ मध्ये, सरकारने १५.४ कोटी डॉलरची भरपाई मान्य केली.

सोनभद्रमध्ये रिओ नेग्रो घडले नाही. तुलना ओढूनताणून करू नये. पण ‘हुकूमशाहीत कंपन्यांनी काय केले’ हा प्रश्न लॅटिन अमेरिकेत विचारला गेला आणि आपल्याकडे विचारला गेला नाही, हा फरक नजरेआड करण्याजोगा नाही.

न्या. जे. सी. शहा आयोग मे १९७७ मध्ये नेमला गेला आणि १९७८ मध्ये त्याने तीन भागांत अहवाल दिला. स्थानबद्धता, सक्तीची नसबंदी, दिल्लीतील पाडापाडी, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी हे त्याचे मुख्य विषय. कंपनी म्हणून जिच्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला ती मारुती, न्या. ए. सी. गुप्ता यांनी ती चौकशी केली. मारुतीच्या यंत्रसामग्रीविषयी लोकसभेत विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती जमवणाऱ्या चार अधिकाऱ्यांचा छळ झाला, हे प्रकरण शहा आयोगापुढेही गाजले. म्हणजे कंपनीचा विषय आयोगांना वर्ज्य होता असे नाही. पंतप्रधानांच्या घराशी तो जोडलेला असला की चौकशीला पात्र ठरत होता.

उद्योगजगताने आणीबाणीचे स्वागत केले, हे काही गुपित नाही. जे. आर. डी. टाटांसारख्या सुसंस्कृत उद्योगपतीने १९७६ मध्ये एका अमेरिकी दैनिकाशी बोलताना संप-बहिष्कारांना आलेल्या ऊताविषयी नाराजी आणि संसदीय पद्धत आपल्या गरजांना मानवणारी नसल्याचे मत व्यक्त केले होते. ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या संचालक मंडळाची सरकारी दबावाने फेररचना झाली तेव्हा अध्यक्षपदी के. के. बिर्ला आले. किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. जनता सरकारने तो १९७७ मध्ये पूर्ववत केला, कारण कामगारांना संघटना होत्या आणि संघटनांना खासदार होते.

सोनभद्रची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. रिहंद धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १९५४ मध्ये झाली आणि १९६२ च्या सुमारास गोविंदवल्लभ पंत सागर भरला. शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. ज्या विजेसाठी हे झाले तिचा मोठा लाभार्थी ठरला रेणुकूटचा हिंदाल्कोचा ॲल्युमिनियम कारखाना. तोही १९६२ मध्येच सुरू झाला. १९५९ च्या करारानुसार त्याला पंचवीस वर्षांसाठी युनिटमागे सुमारे दोन पैशांच्या दराने वीज मिळायची होती. धरणात गाव गेलेल्या माणसाच्या झोपडीत मात्र ही वीज पोहोचली नाही. तो काठावर सरकला आणि तेथे राखीव जंगलाच्या हद्दीत ‘अतिक्रमक’ ठरला.

पुढे याच उद्योगासाठी रेणुसागर येथे स्वतंत्र वीज कंपनी उभी राहिली. ती कंपनी वेगळी की हिंदाल्कोचाच भाग, असा वाद वीजशुल्काच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८८ मध्ये न्यायालयाने कंपनीचा कायदेशीर पडदा बाजूला सारून दोन्ही एकच असल्याचे मानले. कंपनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवला जातो. करआकारणीसाठी पडदा दूर होतो. विस्थापितांच्या देण्यासाठी तो कधी दूर झाला नाही.

आता आणीबाणीकडे येऊ. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्रीय औष्णिक वीज निगम, म्हणजे आजची एनटीपीसी, अशा दोन महाकाय सरकारी कंपन्या एका आठवड्यात जन्माला आल्या. विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बहुतांशी बंद झाला होता. कंपन्यांची कल्पना आणीबाणीची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोळशाचे राष्ट्रीयीकरण १९७३ पर्यंत पूर्ण झाले होते आणि तेलसंकटानंतर विजेची निकड खरीच होती. परंतु या कंपन्यांची जमिनीची भूक किती असेल आणि ती कोणाच्या जमिनीवर भागेल, याची चर्चा ज्या सभागृहात व्हायची ते सभागृह तेव्हा अर्धे रिकामे होते. एनटीपीसीचे पहिले केंद्र शक्तिनगरला उभे राहिले. त्यासाठी जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचे कर्ज दिले ते १९७७ मध्ये. मधल्या काळात दिल्लीतील सरकार बदलले, प्रकल्पाचा आराखडा बदलला नाही.

ब्राझीलमधील फोक्सवॅगन ही परकी खासगी कंपनी होती आणि राजवट लष्कराची; दोघांचे संगनमत सिद्ध करता येते. सिंगरौलीत मुख्य कंपन्या सरकारच्याच होत्या. स्वतःच स्वतःशी संगनमत केल्याचा गुन्हा कोणत्याही संहितेत नाही.

आणि जमीन मिळवण्यासाठी आणीबाणीच्या अधिकारांची गरजही नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी संपादनाचे स्वतंत्र प्रकरणच होते. मुळशीच्या मावळ्यांना हे सांगायला नको; टाटा कंपनीच्या धरणासाठी ब्रिटिश सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा सेनापती बापट याच कायद्याच्या राज्यात लढले. त्यात १९२७ चा वन कायदा आणि १९५७ चा कोळसाक्षेत्र संपादन कायदा यांची भर पडली. येथील आदिवासींसाठी २५ जून १९७५ च्या आधीचा आणि २१ मार्च १९७७ च्या नंतरचा कायदा एकच होता. तुरुंगातून सुटलेल्या नेत्यांना आणीबाणी संपल्याचे कळले, कारण ती त्यांच्यासाठी सुरू झाली होती.

उलट जे बदलले त्याचा हिशेब विचित्र आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला. जनता सरकारच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बेचाळिसावीतील बरेच काही पुसले, पण वने समवर्ती सूचीतच राहू दिली. शिवाय याच दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क रद्द केला. जमीनदारांविरुद्धचे अस्त्र म्हणून त्याकडे पाहिले गेले. ज्यांच्याकडे दोन-तीन बिघ्यांखेरीज काही नव्हते त्यांच्याही हातून एक ढाल गेली. समवर्ती सूचीच्या आधारावर १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. खाणींना वनजमीन वळती करून मिळण्याची रीतसर वाट त्यात आहे. शेती कसणाऱ्या आदिवासींसाठी त्याचा अर्थ पुढे इतकाच उरला, की २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा कब्जा सिद्ध करा.

यातील सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र वनखात्याचा नाही, संसदेचा आहे. आदिवासी कोण, हे राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी ठरवते आणि ती बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. उत्तर प्रदेशच्या १९६७ च्या आदेशात पाचच जमाती होत्या : भोटिया, बुक्सा, जौनसारी, राजी आणि थारू. सगळ्या हिमालयाच्या किंवा तराईच्या. विंध्याच्या दक्षिणेकडील गोंड, खरवार, चेरो, बैगा हे सारे अनुसूचित जातींच्या यादीत. सीमेपलीकडील मध्य प्रदेशात तोच गोंड अनुसूचित जमातीचा होता. सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना आणि सरकारी दाखले दोन प्रकारचे. आणीबाणीतील संसदेने १९७६ मध्ये या याद्यांत मोठी दुरुस्ती केली. विदर्भातील गोंडांवरची मोजक्या तालुक्यांची मर्यादा त्याच कायद्याने उठली आणि नागपूर जिल्ह्यातील गोंडही अनुसूचित जमातीचा झाला. आणीबाणीच्या खात्यात ही जमेची बाजू लिहावी लागेल, तशीच वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याचीही. सोनभद्रचा गोंड मात्र तेव्हाही यादीबाहेरच राहिला.

तो यादीत आला २००३ मध्ये, धरणानंतर चार दशकांनी. तोही जिल्ह्यांची नावे देऊन. गोंडांसाठी सोनभद्र, मिर्झापूर, वाराणसी आदी जिल्हे त्यात होते. चंदौली नव्हता, कारण तो १९९७ मध्ये वाराणसीतून वेगळा झाला होता आणि यादी तयार करणाऱ्यांनी जुन्याच नकाशावर भागवले. परिणामी काशीचा गोंड मालवीय पूल ओलांडून मुगलसरायला गेला की जमातीतून जातीत जात असे. ही विसंगती दूर करण्यासाठी चंदौली, कुशीनगर, संत कबीरनगर आणि भदोही या चार जिल्ह्यांचे विधेयक लोकसभा आणि राज्यसभेत २०२२ मध्ये मंजूर झाले. एका पुलाच्या दोन टोकांना एकच माणूस ठरवायला संसदेला एकोणीस वर्षे लागली.

२००३ च्या निर्णयाने आणखी एक गंमत केली; तिला गंमत म्हणवत नाही. मतदारसंघांची फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली आणि त्या जनगणनेत हे सारे अनुसूचित जातीत मोजले गेले होते. त्यामुळे जमातींसाठी जागा निघाली नाही, आणि जातींसाठी राखीव जागांवर उभे राहण्याचा अधिकार तर गेलेला. दुद्धीतून अनेकदा निवडून गेलेले विजयसिंह गोंड यांनाच दुद्धीची वाट बंद झाली. दुद्धी आणि ओबरा हे दोन मतदारसंघ जमातींसाठी राखीव होऊन निवडणूक झाली ती २०१७ मध्ये. म्हणजे हक्क मान्य झाल्यावर चौदा वर्षे हा समाज विधानसभेच्या राखीव जागांच्या हिशेबातच नव्हता.

याचा कंपन्यांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. अनुसूचित क्षेत्र नसल्याने उत्तर प्रदेशात घटनेची पाचवी अनुसूची लागू नाही, आजही नाही. म्हणून १९९६ चा पेसा कायदा येथे नाही, ग्रामसभेचा सल्ला नाही, आणि अनुसूचित क्षेत्रातील सरकारी जमीन खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्यास मनाई करणारा १९९७ चा समता निकालही येथे कामाचा नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीवरून वाद झडतो तेव्हा ग्रामसभा निदान पेसाचा आधार मागू शकतात. सोनभद्रमध्ये मागायला कायदाच नाही. येथे कंपनीला कोणावर बळजबरी करावी लागत नाही. यादीतील मौन तिच्या वतीने काम करते.

न्यायालयाचा अनुभवही याच जातीचा आहे. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या गोविंदपूरच्या वनवासी सेवा आश्रमाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले. प्रश्न होता दुद्धी आणि रॉबर्ट्सगंज तहसिलींतील ४३३ गावांचा, जेथील जमिनी राखीव जंगलात घेण्याची प्रक्रिया सुरू होती. नोव्हेंबर १९८६ च्या निकालाने दावे तपासण्याची यंत्रणा उभी केली, न्यायाधीशांना गावांजवळ बसवले, अपिलाची सोय केली. हा निकाल खरोखर माणुसकीचा होता. पण त्याच निकालात एनटीपीसीच्या रिहंद केंद्रासाठी लागणारी जमीन या प्रक्रियेतून मोकळी करून देण्यात आली, विस्थापितांना सोयी देण्याच्या अटीवर. आदिवासींनी दाद मागितली आणि कंपनीला जमीन मिळाली, असे म्हणणे निकालावर अन्याय करणारे होईल. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत, इतके खरे.

अटी पाळल्या गेल्या का, याचे उत्तर अकरा वर्षांनी जागतिक बँकेच्या दारात मागितले गेले. मे १९९७ मध्ये सिंगरौलीच्या विस्थापितांच्या वतीने बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार झाली. मंडळाला प्रत्यक्ष येऊन चौकशी करू दिली गेली नाही. वॉशिंग्टनमध्ये बसून कागद तपासण्यापुरतीच मुभा मिळाली. तरीही पुनर्वसनाबाबत बँकेने स्वतःचेच धोरण मोडल्याचे मंडळाला आढळले. निवडून आलेले सरकार परकी निरीक्षकाला गावात येऊ देत नाही, हे कारण सार्वभौमत्वाचे म्हणून समजण्यासारखे आहे. पण मग आपल्या संसदेच्या समितीने तेथे बसून विस्थापितांची सुनावणी घ्यायला हवी होती.

आणीबाणीचा कागद किती दीर्घायुषी असतो, हे कनहर धरणाने दाखवले. दुद्धी तहसिलीतील या प्रकल्पाला केंद्रीय जल आयोगाची मंजुरी मिळाली १९७६ मध्ये. नंतर काम रेंगाळले आणि दशकानुदशके थांबले. २०१४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, जुन्याच मंजुऱ्यांच्या बळावर. मधल्या काळात वनसंवर्धन कायदा आला होता, पर्यावरण कायदा आला होता, वनहक्क कायदा आला होता. १४ एप्रिल २०१५ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, धरणस्थळी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने चालू असलेले बांधकाम पुरे करण्यास परवानगी दिली. लखनौमध्ये तेव्हा समाजवादी पक्षाचे सरकार होते, ज्याचे संस्थापक मुलायमसिंह आणीबाणीत तुरुंगात होते.

उंभा गावची कथा वेगळी दिसते, पण मुळाशी जमिनीचे तेच दप्तर आहे. १९५५ मध्ये तेथील शेकडो बिघे जमीन एका सहकारी संस्थेच्या नावावर चढली. पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्या गोंडांची नावे खतौनीत, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, आलीच नाहीत. जमीन पुढे विकली गेली आणि १७ जुलै २०१९ रोजी ताबा घेण्यासाठी ट्रॅक्टर भरून आलेल्या माणसांनी किमान दहा आदिवासींना गोळ्या घातल्या. त्या आठवड्यात संसदेचे अधिवेशन सुरू होते. गदारोळ झाला, प्रियांका गांधींना वाटेत अडवण्यात आले, आणि चर्चा त्या अडवणुकीभोवती फिरत राहिली. १९५५ च्या नोंदीचा विषय टीव्हीच्या पडद्यावर मावणारा नव्हता.

आता उरला आहे तो वनहक्क कायद्याचा आधार. २००६ च्या या कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. जो जमातीच्या यादीत नाही त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यायचा आहे. मध्य प्रदेशात अनुसूचित जमात असलेला कोल उत्तर प्रदेशात अजून अनुसूचित जातीतच आहे. २००३ च्या कायद्यात तो नव्हता आणि २०२२ च्या कायद्यातही नव्हता. त्यामुळे रिहंदकाठच्या कोल कुटुंबाला दावा दाखल करताना आपले आजोबा १९३० मध्ये येथील जंगलात राहत होते हे सिद्ध करावे लागते. ज्या गावाची नावनिशाणी, थडगी आणि जुने वृक्ष तेथे साक्षीला उभे राहिले असते, ते गाव १९६२ पासून पंत सागराच्या तळाशी आहे.